जुनवानी ते माहेर, एकही ओरखडा न पाडता

गाडी चालवत माहेरी जायचं ठरलं तेव्हा घरात दोनच माणसं होती आणि दोघांनाही ते जमेल असं वाटत नव्हतं. त्यातली एक मी. दुसरे आमचे हे. तिसरा आमचा मुलगा पंकज पुण्याहून फोनवर होता, त्याला तर ऐकूनच ठसका लागला.

"आई, ट्रेन है ना! दुर्गले बैस, गोंदियाले उतर. मामा येईल घ्यायला."

"चाळीस वर्षं ट्रेननंच गेलो ना रे बाबा," मी म्हटलं. "आता रस्ता पाहू दे."

माझं वय अठ्ठावन्न, लायसन सात महिन्यांचं. पोरानं थोडा विचार केला आणि शर्त घातली. "ठीक आहे. पण देख, एक भी स्क्रॅच आया ना, तो गाडी सीधी बिकेगी. परत आल्यावर चारही बाजूनं व्हिडिओ पाठवायचा."

मी शर्त कबूल केली. एकोणतीस वर्षं मी घरी शिलाई मशीनवर बसून भिलाईच्या आमच्या सेक्टरमधल्या बायकांचे ब्लाउज शिवले. कुठं जायचं तर ह्यांच्या शिफ्टा पाहून जायचं. ए शिफ्ट असली तर दुपारनंतर, बी शिफ्ट असली तर सकाळी, सी शिफ्ट असली तर हे झोपलेले, म्हणजे जायचंच नाही. हे रिटायर झाले, भिलाईला लागून जुनवानीत आम्ही छोटं घर बांधलं, एक पांढरी गाडी घेतली. ती गाडी शिकल्यापासून मी भाजीला, दवाखान्यात, मैत्रिणीकडे जामुलला, कुठंही मन झालं की निघते. ती विकली तर मी परत मशीनपुढे. म्हणून ह्या प्रवासात मला देवदर्शन नको होतं, निसर्ग नको होता. मला फक्त गाडी धड परत आणायची होती.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हे तेहेतीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटच्या मिलमध्ये खलासी होते. खलासी म्हणजे क्रेनच्या खाली उभा राहून, वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला हातानं इशारे देणारा माणूस. तिथं आवाज इतका की बोललेलं कोणाला ऐकू येत नाही, जे काय सांगायचं ते हातानं. "तेहेतीस वर्षांत माह्या सिग्नलवर एक नट पण वाकडा पडला नाही," हे वाक्य आमच्या घरात आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटलं गेलं आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीला ह्यांचा गुडघा दुखायला लागला, क्लच दाबवेना. तेव्हा किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता तू शीक." मला तर सोन्याचा गोफ मिळाल्याचा आनंद झाला.

शिकवलं ते पण क्रेनसारखंच. जुनवानीच्या मोकळ्या मैदानात हे गाडीपुढं उभे राहायचे. तळहात खाली करून हलवला की हळू. मूठ आवळली की आहे तिथंच राहा. दोन्ही हात वर करून हलवले की तडक ब्रेक. आणि दोन नियम माझ्याकडून घोकून घेतले.

"सिग्नल एकाचाच पाहायचा. दहा जण बोंबलू दे, ऑपरेटर फक्त खलाश्याचा हात पाहते. पण 'थांब' हा सिग्नल कोणाचाबी असू दे, झाडूवाल्याचा असू दे, ऐकायचाच. आधी थांबायचं, मंग विचारायचं, काऊन." काऊन म्हणजे आमच्याकडचं 'का'.

मैदानातली बकऱ्या चारणारी पोरं हसून हसून लोळायची. पण मी शिकले.

जुनवानी, दुर्ग, राजनांदगाव

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. माहेरच्या गावात मंडई भरणार होती. आमच्या पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे एक दिवसाची जत्राच. डब्यात सुवाऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी घेतली. पुरीला आमच्याकडे सुवारी म्हणतात, भिलाईत चाळीस वर्षं राहूनही तोंडातून दुसरा शब्द येत नाही. शेजारच्या साहूबाईनं अइरसा बांधून दिला. तांदळाचं पीठ, गूळ, तळण, सगळं आपल्या अनारशासारखंच. फक्त खसखस नाही. मी तिला दरवर्षी खसखशीचं सांगते, ती दरवर्षी हसते.

सकाळी नेहरू नगर चौकातून मोठ्या रस्त्याला लागलो. भिलाईत ह्याला कोणी हायवे म्हणत नाही, जी. ई. रोड म्हणतात. ह्याच रस्त्यानं पॉवर हाऊसच्या बाजारात साड्या घ्यायला जायचं, ह्याच रस्त्यानं सुपेल्याला भाजी. हाच रस्ता दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर माझ्या माहेराच्या फाट्यावरून जातो, हे मला माहीत होतं, पण पटत नव्हतं. दुर्ग बायपासवर शिवनाथ नदी आली. ट्रेनमधून मी ह्या नदीत किती वेळा नाणं टाकलं असेल. गाडी चालवताना नाणं टाकता येत नाही, दोन्ही हात गुंतलेले. मी मनातल्या मनात नमस्कार केला, तर बाजूनं आवाज आला, "समोर पाह्य!"

हे सारखी मान वळवून माझ्याकडे पाहत होते. अर्धा किलोमीटर झाला की मान उजवीकडे, माझ्याकडे. परत समोर. परत माझ्याकडे. मी शेवटी वैतागले. "अहो, मी काय पळून जाऊन राहिली का? समोर पाहा ना!" तर म्हणाले, "तू चालव. मी पाहून राहिलो." लग्नाला चाळीस वर्षं झाली, एवढं तर ह्यांनी पहिल्या वर्षी पण पाहिलं नव्हतं.

राजनांदगाव आलं आणि खालूनच गेलं. शहरावरून मोठा पूल आहे, गाड्या गच्च्यांच्या उंचीनं जातात. एका गच्चीवर बाई बडी, म्हणजे सांडगे, घालत होती, दुसऱ्या गच्चीवर प्लांटच्या वर्दीसारखी निळी पॅन्ट वाळत होती. शहर म्हणून एवढंच दिसलं. पुलाच्या उतारावर एका ट्रकनं मागून भोंगा वाजवून माझा जीव घेतला. ह्यांनी खिडकीतून हात काढून त्याला तळहातानं "हळू"चा इशारा केला. तो ट्रकवाला काय समजला देव जाणे, त्यानंही हात जोडून नमस्कार केला आणि ओव्हरटेक करून गेला.

चिचोल्याच्या आसपास

चहाची तल्लफ आली म्हणून मी गाडी सर्व्हिस रोडवर घेतली. आणि एकदम उजव्या बाजूनं, मोठ्या रस्त्याच्या कठड्याकडून एक म्हातारी पळत आली, दोन्ही हात वर करून. मी विचार करायच्या आत माझा पाय ब्रेकवर गेला. मैदानात शंभरदा घोकलेलं कामी आलं. गाडी गचका खाऊन थांबली.

"कोण आहे? काय झालं?" हे इकडंतिकडं पाहत होते.

"ती बाई नाही दिसून राहिली का?"

"कुठं?"

म्हातारी माझ्या खिडकीपाशीच येऊन उभी होती आणि धान तुडवशील म्हणून भांडत होती. "ए दीदी! धान ल रउंद डारबे का? आँखी नइ हे का?"

पुढं पाहिलं तर अर्ध्या सर्व्हिस रोडवर धान वाळत घातलं होतं, आणि कडेनं नारळाएवढे दगड लावले होते. रस्त्याचा रंग आणि धानाचा रंग सकाळच्या उन्हात एकच. त्या दगडांवर गाडी गेली असती तर समोरचा बंपर गेला असता, आणि बंपरबरोबर माझी शर्तही. मी खाली उतरून तिचे पायच धरायचे बाकी ठेवले. सरकारी रस्त्यावर धान वाळवते म्हणून मीच तिच्यावर भडकायला हवं होतं, पण त्या घडीला ती मला देवीसारखी वाटली. मी तिला दोन अनारसे, म्हणजे अइरसा दिला. तिनं मला ओंजळभर मुर्रा दिला. मुर्रा म्हणजे आपले मुरमुरे, पण घरचे, जाड, चुलीचा वास असलेले.

निघताना म्हातारी ह्यांच्याकडे हनुवटी उडवून मला म्हणाली, "चलइया तो बने हे. बाजू वाला सुते रिहिस का?"

चालवणारी चांगली आहे, बाजूचा झोपला होता का! हे असे फुगले की देवरीपर्यंत बोलले नाहीत. मी मात्र मजेत मुरमुरे खात होते.

बाघनदी, देवरी आणि जंगल

बाघनदीच्या पुलावर राज्य बदलतं. अलीकडे "धीरे चलें", पलीकडे "वाहने सावकाश चालवा". अक्षरं तीच असल्यामुळे डोळ्यांना काही वेगळं वाटत नाही, पण मी मोठ्यानं वाचत गेले. भिलाईत आम्हाला सगळे मराठी म्हणून ओळखतात आणि माहेरी गेलं की "भिलाईवाले आले" म्हणतात. पंकज तर मराठी घरात बोलतो आणि भांडतो हिंदीत. पुलावर हळू चालवावं वाटलं, पण मागं ट्रकांची रांग होती.

रस्त्याकडेचे पोहे मात्र खरी हद्द सांगतात. आमच्याकडे पोह्यांवर शेव येते आणि सोबत जिलेबी. देवरीला टपरीवर पोहे मागितले तर माणसानं विचारलं नाही, सांगितलं नाही, वरून पळीभर तर्री ओतली. हरभऱ्याची लाल तर्री! पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं आणि माहेर लागलं म्हणून डोळ्यांतून. तिथं ह्यांनी बाटलीतून पेल्यात पाणी ओतलं ते अर्धं बाकावर. टपरीवाला फडकं घेऊन धावला. "लक्ष कुठं आहे तुमचं?" मी झापलं. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि पोह्यांत मान घातली. राग म्हातारीचा आहे, असं मी समजले.

पुढं जंगल लागतं. कोहमाऱ्याच्या बाजूला काही ठिकाणी रस्ता उंचावरून नेला आहे, खालून जनावरांना जायला वाट ठेवली आहे. वरून ट्रक आणि खालून वाघ, अशी सोय. वाघ काही दिसला नाही, कठड्यावर बसलेली माकडं दिसली. मोहाची झाडं, मग सागाचा पट्टा, मग एकदम उघडी धानाची शेतं आणि तलाव. छत्तीसगढची शेतं पण धानाचीच, पण आमच्याकडे गावागणिक तलाव, आणि तलावात शिंगाडे. साकोलीच्या पुढं शिंगाड्याच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. मी गाडी व्यवस्थित बाजूला लावून, इंडिकेटर देऊन, दोन किलो घेतले. फाट्यावर आत वळले तेव्हा दुपारचं ऊन डोक्यावर होतं आणि गाडीवर धूळ सोडून काही नव्हतं.

माहेरचं फाटक

आमच्या घराच्या फाटकाला डावीकडे एक दगडी खांब आहे. पूर्वी त्याला बैल बांधत. बैल गेले, ट्रॅक्टर आला, खांब तसाच. माझा धाकटा भाऊ मनोहर, त्याची बायको शोभा, आणि गल्लीतली पंधरावीस माणसं बाहेर उभी होती. बाई भिलाईहून स्वतः गाडी चालवत आली, हे पाहायला. मी शिंगाड्याची पिशवी शोभेच्या हातात दिली आणि म्हटलं, गाडी आत घेते.

"थांब," आमचे हे म्हणाले. उतरून फाटकात उभे राहिले. छाती पुढं काढली. मिलमध्ये उभे राहत असतील तसेच. दोन्ही हात वर झाले, बोटं आपल्याकडे बोलावू लागली. ये. ये. अजून ये.

मी त्यांच्या हाताकडे पाहत गाडी पुढं घेतली. डावीकडच्या आरशात खांब जवळ येताना मला दिसला. शोभा ओरडली, "बाई, थांबा! थांबा!" ते मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. पण समोर आमचे हे होते, त्यांचा हात "ये" म्हणत होता, आणि सगळी गल्ली पाहत होती. शोभेचं ऐकून मी थांबले असते तर तेहेतीस वर्षांच्या खलाश्याचा चारचौघांत अपमान झाला असता. मी पुढं घेतली.

कर्रर्र.

तो आवाज मला अजून झोपेत येतो. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत, वाकड्या शिलाईसारखा लांब ओरखडा, आणि दाराला पोचा.

मी उतरले आणि डोकं फिरल्यासारखी ओरडले. "तुम्हाले दिसून नाही राहिलं का? एवढा मोठा खांब! मी विश्वासानं..." आणि मग मी त्यांचं तोंड पाहिलं. त्यांनी मान उजवीकडे वळवली होती, पूर्ण वळवली होती, आणि डाव्या डोळ्यानं तो खांब शोधत होते. गाडीत अर्ध्या अर्ध्या किलोमीटरवर माझ्याकडे जशी वळवत होते, तशीच.

मनोहर शहाणा, त्यानं लोकांना आत चहाला नेलं.

"उजव्यानं धूर दिसते," हे हळूच म्हणाले.

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून."

"आणि गुडघा?"

"गुडघा बरा आहे."

म्हणजे किल्ली माझ्या हातात आली ती ह्याच्यामुळे. मला रागही आला आणि रडूही. राग ह्याचा, की किल्ली मिळाल्यापासून मला वाटत होतं, नवऱ्यानं आपल्यावर विश्वास टाकला. रडू ह्याचं, की वर्षभर हा माणूस एकटा भीत होता आणि मी जामुलला मैत्रिणीकडे वड्या खात होते.

"डॉक्टरकडे काऊन नाही गेले?"

"त्यानं म्हटलं असतं की हा डोळा गेला, तर? खलाश्यापाशी असते काय दुसरं? डोळा आणि हात."

"रिटायर होऊन चार वर्षं झाली ना तुम्हाले!"

"हो," ते म्हणाले, "पण तुले सिग्नल देतच होतो ना."

भंडारा, आणि मंडई

दुसऱ्या दिवशी मंडई होती, पण सकाळी मी आधी भंडाऱ्याचा रस्ता धरला. हे नको नको म्हणत होते. मी म्हटलं, "'थांब' कोणाचाही चालते ना? 'निघ' पण आज माझाच चालेल." डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बॅटरी मारून पाहिलं, मशीनवर हनुवटी ठेवायला लावली आणि शांतपणे म्हणाल्या, "मोतीबिंदू पिकलाय, काका. मागचा पडदा ठीक वाटतोय. ऑपरेशन करून टाका, दिसेल. एवढे दिवस थांबलात कशाला?" ह्यांनी तीनदा विचारलं, नक्की दिसेल ना? चौथ्यांदा मीच त्यांना गप्प केलं. बाहेर आल्यावर त्यांनी रस्त्याकडेच्या हातपंपावर तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं, आणि मी दुसरीकडे पाहिलं.

दुपारी मंडईत आलो. उसाच्या मोळ्या, बांगड्या, जिलेबीची कढई, पाळणा. शोभेनं पाटवडीचा रस्सा केला होता, तो खाऊन ह्यांच्या कपाळावर घाम आला आणि रंगही परत आला. गर्दीत त्यांनी माझा दंड धरला होता. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी म्हटलं, हसा बायांनो.

शोभेला मी एकटीला गाठून म्हटलं, "तुझं ऐकायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "बाई, मले गाडीतलं काय समजते? खांब तेवढा समजते."

परत

तिसऱ्या दिवशी परतताना चिचोल्याला मुद्दाम सर्व्हिस रोडवर उतरले. धान गोळा करून नेलं होतं, दगड तेवढे रस्त्याच्या कडेला पडले होते. म्हातारी दिसली नाही. तिथंच चहाच्या टपरीवर पंकजचा फोन आला.

"आई, कहाँ तक पहुँचे? गाडी ओके?"

मी तोंड उघडलं, तर ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. माझ्या डोळ्यांपुढे माझं शिलाई मशीन उभं राहिलं.

"ओरखडा आला आहे," हे म्हणाले. "डाव्या बाजूनं, दोन्ही दारांवर. पोचा पण आहे. सिग्नल माहा होता. माह्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, वर्ष झालं, मी सांगितलं नाही."

मग पंकज हळू मराठीत म्हणाला, "बाबा, मग आता गाडीचं...?"

"गाडीचं काय? अरे, सिग्नल चुकला म्हणून कोणी क्रेन विकते का?"

मी मध्येच म्हटलं, "माझी पण चूक आहे. शोभा थांब म्हणाली होती, मी ऐकून थांबली नाही." हे माझ्याकडे मान वळवून पाहत राहिले. मी ऐकूनही थांबले नव्हते, हे त्यांना माहीत नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत जुनवानीत पोचलो. आमचं फाटक पण काही मोठं नाही. गाडी समोर थांबवली, तर सवयीनं हे दार उघडून उतरले, फाटकाचा एक पल्ला ढकलला आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले. हात वर झाले. बोटं बोलावू लागली.

मी स्टिअरिंग सोडलं आणि काचेच्या आतून दोन्ही हात वर करून हलवले.

ते जागच्या जागी थांबले. आधी थांबायचं, मग विचारायचं, काऊन. पण त्यांनी विचारलं नाही. हात खाली घेतले, बाजूला झाले आणि फाटकाचा दुसरा पल्ला पूर्ण उघडून धरला. मी डावा आरसा पाहिला, उजवा आरसा पाहिला आणि गाडी आत घेतली.